लता कासारणीचा हात

बूढापारा मोहल्ल्यात बांगड्या भरायच्या तर लता कासारणीकडेच. कितीही आवळ बांगडी असो, हात तिच्या हाती दिला की चढलीच. आणि चढवताना तडकलीच, तर ‘फुटली’ म्हणायची सोय नव्हती. बांगडी ‘वाढली’ म्हणायचं. फुटली म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सरळ दुकानाबाहेर काढी.

सिलतऱ्याच्या एका कारखान्यात भट्टी फुटली आणि तिचा नवरा मारोती त्यात गेला. पंचवीस वर्षांचा संसार, आणि घरी आलं ते एक बांधलेलं गाठोडं. दहाव्याला थोरली जाऊ शारदा दगड घेऊन समोर बसली.

“लता, बांगड्या वाढव.”

“वाढव काहून म्हनता? फोडा म्हना!” लता किंचाळली. “माझा मानूस फुटला तिथं!”

शारदानं तिचं मनगट पाटावर दाबून दगड हाणला. काचा मांसात रुतल्या. रक्त आलं तरी बाई थांबली नाही.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी लतानं दुकान उघडलं. घरात बसती तर वेडी झाली असती. शारदा तणतणत आली. “विधवेच्या हातानं सवाष्णीले बांगड्या भरून राहिली? लाज नाही वाटत तुले?” तिनं लाथेनं डबे गल्लीत उडवले. हिरव्या चुड्याचा चुरा झाला.

लताचं डोकं फिरलं. तिनं जावेच्या झिंज्या धरल्या, थोबाडीत दिली, उंबऱ्यावर आपटली. शारदाही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं लताच्या ओल्या जखमेलाच चावा घेतला. स्कूटरवाले थांबून पाहत राहिले.

एकाएकी शारदानं हंबरडा फोडला. झटापटीत तिच्याही बांगड्या गेल्या होत्या. घरी नवरा धडधाकट, आणि सवाष्ण भर गल्लीत भुंड्या हातांनी!

लताला आधी हसू आलं, मग भडभडून रडू. मारोती आता येणार नाही, हे तिला तेव्हा कुठं पोटातून कळलं. रडता रडताच तिनं उरलेला डबा ओढला आणि जावेचा हात धरला.

“नको, तुह्या हातून नको…”

“मंग जा अशाच घरी.”

शारदा बसली.

“हात ढिला सोडा, जाऊबाई.” लतानं तिची बोटं चेपत एकेक बांगडी चढवली. मनगटाचं रक्त जावेच्या तळव्यावर ठिबकत होतं.

बांगड्या भरून झाल्या की कासारणीला नमस्कार करायची रीत. शारदा घुटमळली. मग सगळ्या गल्लीदेखत वाकली.