फ्रिजमधला चीक

परतवाड्यातला आमचा शेजारी रेशमाचं सूत उकळायच्या कारखान्यात आहे. रेशीम उकळलं की त्यातला चिकटा पाण्यात उतरतो, आणि सारं जग ते पाणी नालीत सोडतं. हा मात्र ते कॅन भरून घरी आणतो आणि आटवत बसतो. "नुसतं प्रोटीन हाये भाऊ! याची तोंडाले लावाची क्रीम बनते," असं तो दूधवाल्यालाही थांबवून ऐकवतो. लग्नात नवरीचा शालू पाहून बाया भाव विचारतात, हा हळहळतो, "याचं पानी कोनं फेकलं असन?"

मागे तो लेकीकडे अकोटला निघाला. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "फ्रिजमदी चीक हाये भाऊ, पाहून घेजा."

आता आमच्याकडे चीक म्हणजे नुकत्याच व्यालेल्या म्हशीच्या दुधाचा, वाफवलेला. डब्यात पांढुरकी वडी थरथरत होती. मी साखर भुरभुरवली आणि डबा चाटूनपुसून साफ केला. चव जरा बेताचीच होती, पण शेजारधर्म असतो.

परत आल्यावर त्यानं रिकामा डबा उलटा करून पाहिला. "भाऊ, थो रेशमाचा चीक होता! उद्या अकोल्याले तपासाले न्यायचा होता!"

मी घाबरून पोट धरलं. तो माझे गाल चाचपत होता. "मऊ पडून राहिले काय?"

सकाळीच त्यानं मला अकोल्याच्या एसटीत कोंबलं. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी विचारलं, "नमुना आणलाय ना?"

त्यानं मला पुढं ढकललं. "हा काय."