बोटवाल्या बाई

बोटवाल्या बाई समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, हाताकडे बघत. मी मुलाखतीला गेले तेव्हा माझी पदवी, छातीशी धरलेली फाइल, पालीहून दोन एसट्या बदलून आल्याची हकिकत, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. स्वतःचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा फोटो डावीकडे सरकव." मी सरकवला. त्या माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी खणातून नेलकटर काढून पुढ्यात ठेवलं. "नखाने टेकवतेस. आपण ज्या बायकांसाठी काम करतो त्यांना नखं ठेवायची चैन परवडत नाही. कापून ये, मग बोलू." मी जिन्यात उभी राहून दहाही नखं कापली. नोकरी मिळाली.

अलिबागला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. बाई, सुयोग नावाचा प्रोग्रामर आणि मी, एवढीच माणसं. नागाव-चौलकडे घरात पाहुणे ठेवणाऱ्या कितीतरी बायका आहेत. त्यांची वेबपेजं होती, पण मुंबईच्या कुणीतरी करून दिलेली. एखादा फोटो बदलायचा तरी त्या माणसाला फोन करा आणि आठ दिवस वाट बघा. कॉम्प्युटर कुणाकडे नव्हता, फोन सगळ्यांकडे होता. तेव्हा पान जसं समोर दिसतंय तसंच फोनवर बोटाने धरून, ओढून, लहानमोठं करून बदलता यावं, असं साधन आम्ही बनवत होतो. त्यासाठी बाई महिन्यातून चारपाच वेळा नागावला जात आणि तिथल्या बायकांची बोटं हातात घेऊन निरखत बसत. म्हणून गावाने त्यांना 'बोटवाल्या बाई' नाव ठेवलं. मांडव्याला उतरून आलेले पाहुणे हे नाव ऐकून त्यांच्याकडे समुद्रातल्या फेरीची चौकशी करत. बाई माझ्याकडे आणि सुयोगकडे हात करून सांगत, "माझ्या दोनच बोटी आहेत. दोन्ही बुडालेल्या."

कामाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी आमचे माउस काढून घेतले आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून कुलूप लावलं. सुयोगने स्वतःचा एक लपवून ठेवला होता. त्यावर त्याने एक सुंदर मेनू बनवला होता. बाण नुसता जवळ नेला की तो अलगद उघडायचा. बाईंनी तो बघितला, माउस उचलला आणि खिडकीतून खाली टाकला. दुकानाच्या पत्र्यावर केवढा आवाज झाला! "बोट घिरट्या घालत नाही," त्या म्हणाल्या. "बोट टेकतं नाहीतर टेकत नाही. तुझा मेनू कधी उघडणार? तिने फोनला ओवाळल्यावर?" सुयोग दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मेनू नव्याने केला आणि तो खरोखरच चांगला झाला. बाईंनी त्याला चांगलं म्हटलं नाही.

माझी पाळी पुढच्या आठवड्यात आली. फोटो लहानमोठा करायला त्याच्या चारी कोपऱ्यांवर मी चार नाजूक ठिपके दिले होते. बाईंनी फोनवर चालतात तसले जाडजूड हातमोजे आणले, माझ्या हातात चढवले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आता वाढव फोटो." ठिपका काही हाताला लागेना. खालच्या दुकानातला माणूस चहा घेऊन आला, तोही बघत उभा राहिला. पाऊण तास त्यांनी मला सोडलं नाही. शेवटी मी रडायला लागले. बाई म्हणाल्या, "रडून झालं की स्क्रीन पूस. ओल्या स्क्रीनवर बोट चालत नाही, तेही वहीत लिहून ठेव. आणि ठिपका म्हणायचं नाही, मूठ म्हणायचं. ठिपका म्हटलंस की ठिपक्याएवढाच काढशील."

मी वहीत लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. 'बोट जिथे टेकतं तिथलं त्या माणसाला दिसत नाही, म्हणून सांगायचं ते बोटाच्या वर सांगा.' 'अंगठा पोचतो तिथपर्यंतच आपलं राज्य.' 'चुकली तर ती स्वतःला शिव्या देते, तुम्हाला नाही. म्हणून मी देते.' पुढे मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकली, पण यापलीकडचं फारसं कुणी सांगितलं नाही.

माझे वडील पनवेलला इस्पितळात होते तेव्हा बाईंनी धीराचा एक शब्दही काढला नाही. फोन करून एवढंच विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, सांगता येत नाही. तीन आठवड्यांनी परत आले तर माझं सगळं काम झालेलं होतं, आणि प्रत्येक कागदावर माझंच नाव होतं. मी आभार मानायला गेले. "अक्षरं छोटी ठेवली होतीस, मोठी केलीत," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. मला त्या आवडत. हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नसतं.

नागावात आम्ही ज्यांच्याकडे जायचो त्यात ताराकाकी आमच्या खास होत्या. माडांच्या वाडीत तीन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि स्वतः रांधून वाढायच्या. आम्ही गेलो की आधी आंबोळी आणि मग काम. मला 'पोरी' म्हणायच्या, निघताना पिशवीत शहाळं घालायच्या. नवरा वारलेला. त्याचे सरकारी कागदांवरचे ताठ चेहऱ्याचे फोटो होते, पण हसतानाचा एकच. नव्या खोल्या झाल्या त्या दिवशी कुणा पाहुण्याने काढलेला. खांद्यावर नारळांचा घड आणि तोंडभर हसू. तो पाहुणा कोण, कुठला, कुणाला ठाऊक नव्हतं. फोटो फक्त काकींच्या वेबपेजवर होता, तोही पार तळाशी.

एकदा काकींचं पान आम्ही आमच्या साधनात आणलं आणि त्यांना ते दाखवायला नागावला गेलो. जुनं पान आणि नवं पान दोन्ही दिसून गोंधळ होतोय म्हणून जुनं मी आदल्या दिवशी पुसलं होतं. पुसण्याआधी प्रत काढून ठेवायची हा बाईंचा पहिला नियम. मी ती काढली नव्हती. उद्या काढू म्हटलं.

काकी पडवीत फोन मांडीवर घेऊन बसल्या. बाई म्हणाल्या, "काकी, तुम्हाला हवं तसं पान लावा. आम्ही काय बोलणार न्हाय." काकींनी तळाचा तो फोटो धरला. त्यांना तो सगळ्यात वर हवा होता. बोट हळूहळू वर जाऊ लागलं. काहीही ओढायला घेतलं की स्क्रीनच्या वरच्या कडेला कचरापेटी उघडायची, ती मीच तिथे ठेवली होती. काकींच्या जाड बोटाखाली ती पूर्ण झाकली गेली.

"इथं सोडू का गो?" काकींनी विचारलं.

मी तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला. "कुणी बोलायचं नाही."

काकींनी बोट उचललं.

"कुठं गेला? आत्ता तर होता." त्यांनी फोन उलटा करून पाहिला, पदराने पुसला, पुन्हा पाहिला. मग स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाल्या, "माझी बोटंच मेली गो. नारळ सोलून सोलून रेघासुद्धा न्हाय राहिल्या त्यांच्यावर."

बाई माझ्याकडे वळल्या. "आण परत."

"नाहीये," मी पुटपुटले. "जुनं पान काल पुसलं. प्रत काढली नव्हती."

बाई काकींच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांचा हात धरून म्हणाल्या, "काकी, फोटो माझ्यामुळे गेला. तुमच्या बोटाने न्हाय गेला. चूक माझी हाय."

काकींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "तू कशाला आपल्या अंगावर घेतेस गो बाय?"

मी खांबाला टेकून उभी होते. चार पावलं पुढे जाऊन खरं सांगायला मला तेव्हा कुणी अडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले तर माझ्या टेबलाच्या वर भिंतीवर एक रिकामी चौकट ठोकलेली. काच, लाकडी पट्ट्या, आत कोरा पुठ्ठा. बाई म्हणाल्या, "कुणी विचारलं की सांगायचं, यात काय असायला हवं होतं." आणि लोक विचारायचे. बँकेचा माणूस, चहावाला, सुयोगची आई. प्रत्येकाला मी सांगायचे आणि बाई कान देऊन ऐकायच्या. एखादी गोष्ट गाळली तर म्हणायच्या, "प्रतीचं राहिलं." सात महिने ती चौकट तिथे होती. त्या सात महिन्यांत मी कचरापेटी काढून टाकली आणि तिच्या जागी खाली, अंगठ्याशी, परडी केली. काढलेली प्रत्येक वस्तू परडीत जाऊन पडायची आणि नुसतं टेकवलं की परत यायची. बाईंनी ती माझ्याकडून अकरा वेळा मोडून पुन्हा करून घेतली. नागावातल्या एकाही बाईचं त्यानंतर काही हरवलं नाही. मी मात्र सकाळी ऑफिसचा जिना चढताना रेलिंग धरून थांबायला लागले होते.

मग नवी मुंबईच्या एका कंपनीने आमचं साधन विकत घेतलं. त्यांचा एक गोडबोल्या अधिकारी आला आणि त्याने आम्हाला कागद वाटले. वरिष्ठांबद्दल मनमोकळं लिहा, नाव गुप्त राहील. मी तीन पानं लिहिली. हातमोजे लिहिले, खिडकीतून फेकलेला माउस लिहिला, चौकट लिहिली. एक अक्षर खोटं नव्हतं. पनवेलच्या तीन आठवड्यांबद्दल लिहिलं नाही. पडवीत बाई काय म्हणाल्या तेही लिहिलं नाही.

अधिकाऱ्याने ती पानं बाईंना आमच्यासमोर वाचून दाखवली. नाव घेतलं नाही, पण चौकट एकाच टेबलाच्या वर होती. त्याचा आवाज इतका सौम्य होता की ऐकवत नव्हतं. संपल्यावर म्हणाला, "मॅडम, तुम्हाला आपली बाजू मांडायची असेल तर मांडा."

"सगळं खरं आहे," बाई म्हणाल्या. "बाजू काही नाही. जिने लिहिलंय ती कामाला चांगली आहे. तिला ठेवा."

जेवणाच्या सुट्टीआधी त्या जिना उतरून गेल्या. त्यांना खालपर्यंत पोचवायला आमच्यापैकी कुणी उठलं नाही. संध्याकाळी अधिकाऱ्याने मला त्यांच्या खुर्चीवर बसायला सांगितलं, आणि मी बसले.

नव्या कंपनीत कुणी कुणाला लागेल असं बोलत नाही. फोटोच्या कोपऱ्यांवरच्या मुठी फार बोजड दिसतात, असं एक जण हसतमुखाने म्हणाला. मी त्या बारीक केल्या. परडी कुणाला कळणार, असं दुसरा म्हणाला. मी कचरापेटी परत वर नेली. माझ्या हाताखालची मुलं माझ्यावर खूश असतात. मी कुणाला रडवत नाही. काम बेलापुरात गेल्यामुळे नागावला जायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

दोन वर्षांनी मांडव्याच्या धक्क्यावर बाई भेटल्या. त्या मुंबईहून येऊन उतरत होत्या, अलिबागचं एक काम उरकून मुंबईला जायला मी तिकीट काढून थांबले होते. केस पांढरे झालेले, हातात भाजीची पिशवी. मला ओळखून थांबल्या. "दाखव," म्हणाल्या. मी फोन दिला. त्यांनी साधन उघडलं आणि एक फोटो धरून वर नेला. कचरापेटी उघडली. त्यांनी फोटो होता तिथे आणून सोडला आणि फोन परत दिला.

"वरचे म्हणाले म्हणून..." मी सुरुवात केली.

"हो. वरचे म्हणत असतात."

"बाई, मी तेव्हा ते लिहायला नको होतं."

"का? खोटं होतं?"

"नाही."

"मग? मी वाईट वागायचे तुझ्याशी. कारण काहीही असो, वाईटच वागायचे."

विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, "ताराकाकी कशा आहेत?"

"गेल्या. यंदा भातलावणीच्या सुमारास." बाई समुद्राकडे बघत होत्या. "शेवटी शेवटी फोन हातातच घेत नव्हत्या. नातवाचा फोन आला तरी दुसऱ्याला धरायला लावून लांबून बोलायच्या. म्हणायच्या, नको गो, माझ्या बोटानं आणि काय पुसलं जायचं. मी कितीदा सांगितलं, तुमच्या हातून न्हाय गेला तो. त्यांना वाटायचं मी समजूत काढतेय."

मी हातातल्या तिकिटाची घडी घातली.

"तू जाऊन सांगितलं असतंस तर पटलं असतं त्यांना. तुझं नाव काढायच्या. पोरगी कशी येत न्हाय म्हणायच्या. मी सांगायचे, कामात आहे." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बोटीचा भोंगा वाजला आणि माणसं फळीकडे सरकू लागली. "जा," त्या म्हणाल्या. "सुटेल."

मी गेले. त्या दुपारी मुंबईत आमच्या नव्या साधनाचं प्रात्यक्षिक होतं. मोठ्या पडद्यासमोर उभी राहून मी एक फोटो बोटाने धरला, वर नेला आणि बरोबर हव्या त्या जागी सोडला. एकदाही चुकले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.