एकच हाय

वरकुट्याच्या म्हाळसाला सही यायला लागून तीन महिने झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. साक्षरतेच्या वर्गात ती पहिल्या रांगेत बसायची. आकडा दिसला की वाचल्याशिवाय पाऊल पुढं टाकायची नाही. एसटीचा नंबर असो, नाहीतर खताच्या गोणीवरचं वजन. पंचेचाळिशीच्या विधवेनं पाटी धरली म्हणून दात काढणारे होते. त्यांना ती शिव्या घालायची, आणि बरोबरच करायची.

सासऱ्यानं मेंढरं विकून पाडलेली विहीर चार भावांची. पाण्याची पाळी आठ दिवसांची, एकेकाला सलग दोन दिवस. नवरा गेला आणि त्याचे दोन दिवस म्हाळसाचे झाले. त्या दोन दिवसांच्या पाण्यावरच तिची वांगी-मिरची इंदापूरच्या बाजारात जायची. धाकटा दीर म्हस्कू बिनलग्नाचा. ती लग्न होऊन आली तेव्हा शेंबडं पोर होता. तिच्या हातची भाकरी खाऊन वाढला आणि पुढंही तिच्याच चुलीवर जेवत राहिला. बोलायचा मोजकं.

त्र्याण्णव साली म्हस्कूनंच काढलं, की पुढं पोराबाळांत भांडणं नकोत, पाळीचा कागद करू. सर्जेराव मास्तरांनी तो लिहून देवळापुढं आणला. भावांनी सह्या केल्या. म्हाळसानं मात्र आपल्या नावापुढं बोट ठेवून आकडा वाचला. १/४.

आठात दोन, हे तिला झोपेतही ठाऊक. इथं दोनाच्या जागी एक होता. आठाच्या जागी चार आलेत, तिकडं तिचं लक्षच गेलं नाही. वर्गात आकडे शिकवले होते. आकड्याखालचा आकडा काय करतो, ते शिकवायच्या आत वर्गच बंद पडला होता.

माझे दोन दिवस कुठं गेले, असं तिनं विचारलं. म्हस्कू समजुतीनं म्हणाला,

"वैनी, एकच हाय ते."

त्याला म्हणायचं होतं, दोन्ही सारखंच. तिनं ऐकलं, एकच दिवस.

"ऐकलं का? सोताच्या तोंडानं म्हणतोय, एकच हाय!"

मग तिचं तोंड सुटलं. भावजीचा म्हस्क्या झाला. माझ्या भाकरीवर वाढलास आणि रांडमुंड बाईचं पाणी चोरतोस, इथपर्यंत गेली. मास्तर समजवायला लागले, तर तेही सामील ठरले. म्हस्कूनं एवढंच सांगितलं, की त्यांच्या नावापुढं २/८ लिवा. लिहिलं. तिनं ठसठशीत सही केली, जिंकल्यासारखी.

तो पुन्हा जेवायला आला नाही. पाळी बदलताना ती मोटर बंद करून जाईपर्यंत बांधावर पाठ फिरवून उभा राहायचा. तिची एक भाकरी मात्र रोज जास्त व्हायची. ती शेळीला घालायची आणि शेळीवरच चिडायची.

तीन वर्षांनी कधीतरी सासू रंगूबाई दुधात कुस्करायला चतकोर भाकरी मागत होती. म्हातारीला दात नाहीत म्हणून म्हाळसानं भाकरीचे चार तुकडे केले, चाराचे आठ केले आणि दोन वाटीत टाकले. चतकोर म्हणाले हुते, म्हातारी कुरकुरली, दोन कशाला?

"बारकं हायती, आत्ती. दोन मिळून चतकोरच."

"मंग एकच हाय की ते," म्हातारी म्हणाली.

म्हाळसाचा हात वाटीवरच राहिला.

त्याच दिवशी जायला हवं होतं. गेली नाही. चारचौघांत शिव्या दिल्या, आता एकटीनं जाऊन काय सांगायचं? पुढच्या पाळीला सांगू, म्हणाली. मग त्याच्या पुढच्या. म्हस्कूला कावीळ झाली. बारामतीच्या दवाखान्यात ती फडक्यात भाकरी बांधून पोचली, तेव्हा खाट रिकामी होती.

त्याचा हिस्सा आईच्या नावावर करायचा म्हणून कागद नव्यानं लिहायला बसले. तेच देऊळ, तीच माणसं. मास्तरांनी जपूनच विचारलं, तुमचं आठातलं दोनच ठेवतो ना?

"सगळ्यांचं लिवलंय तेच लिवा, मास्तर," म्हाळसा म्हणाली. "भावजी खरं बोललं हुतं. एकच हाय ते."

तिनं सही केली. अक्षर या वेळी वाकडं आलं.