जिज्जींची अर्धी गोळी

अविनाशचा फोन आला तेव्हा मी इलाइट चौराह्यावर एका हातगाडीपाशी पपई दाबून बघत होते. जिज्जींना चावावं लागू नये अशी, अगदी मऊ हवी होती, आणि गाडीवाला "हाथ मत लगाइए बहनजी" म्हणून कुरकुरत होता. "काकू," अविनाश म्हणाला, "माँ... नहीं रहीं." मी काहीतरी विचारलं असेन, तोही काहीतरी बोलला असेल. ती पपई मात्र मी घेतली. का घेतली ते अजूनही सांगता येत नाही. या गोष्टीला आता दोन महिने होत आले. न्यूमोनिया झाला, वय झालं होतं, अंगात ताकद उरली नव्हती, असं सगळ्यांनी म्हटलं आणि मान्यही केलं. पण ताकद का उरली नव्हती, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आमचे हे फौजेत होते. झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत बदली झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही झाशीतच राहिलो. कुसुमताई आमच्या शेजारी. इथे बुंदेलीत थोरल्या बहिणीला जिज्जी म्हणतात. त्या सगळ्या गल्लीच्याच जिज्जी होत्या, तशा माझ्याही झाल्या. त्यांचे पूर्वज कधीकाळी इथल्या गुरसरायला मराठी जहागीरदारांकडे कारभारी म्हणून आले आणि इकडचेच होऊन राहिले. जिज्जींनी जन्मभर मुलींच्या शाळेत हिंदी शिकवलं, पण घरात मराठी, आणि मराठी तरी कुठली! स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणायच्या आणि त्याच दमात "चाय चढ़ा दूँ?" असं विचारायच्या. माझं हिंदी म्हणजे मराठी वाक्याच्या शेपटाला बांधलेलं 'है'. त्या चुका काढायच्या, पोट धरून हसायच्या आणि मग गरम चहा पुढे करायच्या. अविनाश, त्यांचा एकुलता एक मुलगा, ग्वाल्हेरला नोकरीला. त्याला मराठी कळतं, पण जीभ वळत नाही. त्यामुळे रोज दुपारी तीन ते पाच आम्हा दोघींचं मराठी चाले. खरं म्हणजे त्या बोलायच्या आणि मी ऐकायचे. एवढ्या मोठ्या शहरात माझ्या आईच्या भाषेत मला रागावणारं दुसरं कोणी नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या आसपास त्यांच्या उजव्या गालात कळा सुरू झाल्या. आधी दात दुखतो असंच वाटलं, त्यात एक चांगली दाढ हकनाक गेली. मग समजलं की दुखणं चेहऱ्याच्या नसेचं आहे. पंख्याचा वारा लागला, तोंडावर पाणी मारलं, घास चावला, नुसता पदर गालाला घासला तरी कळ यायची. "सुई नव्हे गं, दाभण," त्या म्हणाल्या होत्या. सगळ्यात वाईट म्हणजे बोललं की कळ यायची. ज्या बाईचं तोंड कधी मिटलं नाही, तिला नेमकं हेच व्हावं, याचा मला देवावर फार राग आला.

डॉक्टरांनी गोळी दिली. मुळात मिरगीची, म्हणजे आपल्याकडे फेफरं म्हणतात त्याची, पण नसेच्या दुखण्यावरही तीच चालते. औषधाच्या दुकानदाराने मोठ्याने "मिरगी किसको है?" विचारल्यावर जिज्जींनी पाकीट पदराखाली लपवलं. नातीचं, नेहाचं, लग्न ठरलेलं, भलतीच बातमी पसरायला नको! गोळीने गुण आला, खोटं कशाला बोलू. चार दिवसांत त्या वरणभात जेवल्या, तोंड धुतलं, आरशासमोर नीट कुंकू लावलं. पण सहाव्या दिवशी दुपारी गेले तर भिंतीला धरून चालत होत्या. बोलता बोलता डोळे मिटायचे. नेहाच्या लग्नात म्हणण्यासाठी त्यांनी स्वतः मंगलाष्टकं रचली होती, त्यांतली दुसऱ्या कडव्यापुढची एक ओळ आठवेना. वही उघडली तर अक्षरं हलतात म्हणाल्या. "दुखत नाही, पण मी पण नाही," एवढंच बोलल्या आणि बसल्या जागी झोपल्या.

लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. अविनाश फोनवर म्हणायचा, "माँ को दर्द नहीं होना चाहिए, बस." आमचे हेही तेच म्हणत. मला ते पटत होतं, पण तीन ते पाचची दुपार आता मी त्यांच्या घोरण्याशेजारी काढत होते आणि तेही मला सोसत नव्हतं. माझा स्वार्थ होता, तो इथे लपवत नाही.

पुढच्या खेपेला मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. बाहेर गार वारा होता, एवढ्या गोळीवरही वाटेत एक कळ येऊन गेली, म्हणून त्यांनी खुणेने मलाच बोलायला सांगितलं. मी माझ्या हिंदीत सांगितलं, "डॉक्टरसाहब, दवाई लेने के बाद इनको बहुत गुंगी होती है. दिनभर गुंगी रहती हैं."

डॉक्टर दचकले. "गूँगी? बिल्कुल नहीं बोलतीं?"

"दो-दो घंटा नहीं बोलतीं जी."

"अम्मा, ये सही कह रही हैं?"

जिज्जींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. हो. डॉक्टरांनी हातपाय हलवून पाहिले, रक्त तपासायला सांगितलं, डोक्याचा स्कॅनही करायला लावला. त्यात काही निघालं नाही, तरी खबरदारी म्हणून त्यांनी गोळी अर्धी केली.

परतताना ऑटोत जिज्जी हसायला लागल्या. गालाला हात न लावता, ओठ घट्ट धरून हसत होत्या. "सुमन, तू मला मुकी करून टाकलीस गं! यांची गूँगी म्हणजे मुकी. आपली गुंगी त्यांना काय ठाऊक!" मी ऑटोवाल्याला परत फिरायला सांगितलं तर त्यांनी माझं मनगट धरलं. "राहू दे. नेहाचं लग्न होऊ दे, मग सांग." मी ऑटो वळवला नाही. ती चूक शब्दाची होती. ही मात्र माझी.

अर्ध्या गोळीने त्या जाग्या झाल्या. अडकित्त्याने गोळीचे नेमके दोन तुकडे करायच्या, अगदी सुपारी कातरल्यासारखे. कडवी आठवली, भिंतीचा आधार सुटला, कळाही परत आल्या. लग्नात पहिली तीन कडवी त्यांनी खड्या आवाजात म्हटली. चौथ्याला आवाज मध्येच थांबला. डोळे मिटलेले, हात वर धरलेला. मुलाकडची मंडळी झाशीचीच, पण त्यांना मराठी कुठलं येणार! संपलं असं समजून त्यांनी भराभर अक्षता टाकल्या. जिज्जींनी डोळे उघडले, "अभी नहीं!" म्हणून शाळेतल्या आवाजात दटावलं आणि राहिलेलं कडवं पूर्ण म्हटलं. सगळा मांडव हसला. मीही हसले.

लग्नानंतर आठवड्याने मी डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, नींद जैसी सुस्ती थी? वो तो बहुतों को शुरू में होती है, अक्सर पंद्रह-बीस दिन में बैठ जाती है. पहले बतातीं तो मैं थोड़ा रुकता." त्यांनी हळूहळू वाढवत पुन्हा पूर्ण गोळी सुरू केली. आणि या वेळी जिज्जींना गुंगी आलीच नाही. मला केवढं हायसं वाटलं! डॉक्टर म्हणाले तसं अंगवळणी पडलं, असं मी धरून चालले. पाकिटं वेळच्या वेळी रिकामी होत होती. जेवण तेवढं कमी झालं होतं. विचारलं तर "भूकच नाही गं" म्हणायच्या. पेज, दूध, पपई यांवर दिवस काढायच्या. आषाढात ताप आला, अविनाश ग्वाल्हेरहून धावत आला, पण ताप उतरलाच नाही.

तेराव्यानंतर अविनाश कागद आवरत बसला होता. डॉक्टरांच्या एका जुन्या चिठ्ठीवर बोट ठेवून त्याने विचारलं, "काकू, इसमें लिखा है दवा से बोलना बंद हो गया था. माँ का बोलना कब बंद हुआ?" मी सगळं सांगितलं. दवाखान्यात काय बोलले, ऑटोत काय झालं, दोन महिने गप्प कशी राहिले, सगळं. त्याने माझ्यावर ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं. तो उठला, आतल्या खोलीतून पितळेची एक डबी घेऊन आला आणि माझ्यासमोर उघडली. आत गोळ्यांचे अर्धे तुकडे होते. काठोकाठ भरलेले.

टाकून देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पूर्ण गोळी परत सुरू झाल्यापासून त्या अर्धीच घेत होत्या, आणि उरलेली अर्धी रोज या डबीत जात होती.

अविनाशने एक तुकडा उचलून तळहातावर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला मराठीत काही विचारलं. "काकू... माँला... दुखत होतं?"

माझ्या एका शब्दाने त्या गेल्या नाहीत, हे त्या डबीने मला सांगितलं. त्यांनी ठरवून केलं होतं. पण सुटल्यासारखं काही वाटलं नाही, कारण त्या चार-साडेचार महिन्यांतली एकेक दुपार मला आठवायला लागली. जिज्जी छान बोलत असायच्या, आणि वाक्याच्या मध्येच थांबायच्या... डोळे मिटून, एक हात किंचित वर धरून. मला वाटायचं, एखादा जुना शब्द आठवत असतील. जरा वेळाने त्या पुन्हा सुरू करायच्या. आणि मी समोर मांडी घालून, चहाचा कप हातात धरून, दर वेळी म्हणायचे, "मग पुढे काय झालं, जिज्जी? सांगा ना."