हीटर बंद करणारा पाहुणा

परदेशात, स्कारबरोला आम्ही बेसमेंटमध्ये राहायचो. हीटिंगचा थर्मोस्टॅट वर घरमालकाकडे, तो ते कमीच ठेवायचा, आणि खाली आमची सहा महिन्यांची मुलगी कानटोपी घालून झोपायची. शेवटी मी महापालिकेच्या ऑफिसात कम्प्लेंट केली, आणि मालक घराबाहेर काढेल या धास्तीत राहिलो.

इन्स्पेक्टर आला. मालक वर कॉफीचा आग्रह करत होता, पण तो बूट काढून थेट खाली आला. पाहुणा येणार म्हणून माझ्या शहाण्या बायकोने छोटा हीटर लावून खोली मस्त गरम करून ठेवलेली! त्याने हसत हीटर बंद केला.

"खरी थंडी येऊ द्या. मी थांबतो."

थर्मामीटर मुलीच्या अंथरुणाशेजारी ठेवून, हात काखेत दाबून तो बसून राहिला. चहालाही "नंतर" म्हणाला. कॉलेजात तो इतिहास शिकला होता; बसल्या बसल्या सांगू लागला. बाराशे वर्षांपूर्वी युरोपातल्या फ्रँक लोकांचा राजा आपले तपासनीस जोडीने गावोगाव धाडायचा, एक धर्मगुरू आणि एक सरदार. तिथला अधिकारी कसा वागतो, हे ते गावकऱ्यांना शपथेवर विचारायचे.

"आणि अधिकाऱ्याला?" मी विचारलं.

"त्याला मागाहून. आधी त्याच्याकडे जेवलात, तर गावकऱ्यांचं काय ऐकू येणार?"

तासाभराने त्याने आकडा लिहून घेतला. त्याच संध्याकाळी हीटिंग सुरू झालं. नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

वर जाण्याआधी त्याने गार झालेला चहा उभ्यानेच संपवला. कप धरलेली त्याची बोटं आमच्या थंडीने कापत होती. ती बघितली आणि माझी धास्ती तिथेच संपली.