भिंतीपलीकडचा गेंडोबा

आमच्या ताई काय काम करतात हे कोणाला सांगायचं म्हणजे मोठी पंचाईत. ताई म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. कोणी विचारलंच तर मी "कॉम्प्युटरचं काम आहे" असं म्हणून मोकळी होते, कारण खरं सांगितलं की पुढचे प्रश्न थांबत नाहीत. खरं हे की त्या दिवसभर एका कार्टूनला भिंतींवर आपटतात आणि त्याचा पगार घेतात.

कार्टून म्हणजे गेंडोबा. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना ओळख करून द्यायला नको. पिवळे गमबूट घातलेलं गेंड्याचं पिल्लू, डोळ्यांनी अधू, त्यामुळे समोर येईल त्याला जाऊन धडकणारं. टीव्हीवर रोज संध्याकाळी धडकतं, दप्तरांवर आणि पाण्याच्या बाटल्यांवर दात काढून हसतं, आणि दरवर्षी त्याचा एक नवा व्हिडिओ गेम निघतो. तो गेम बाजारात जायच्या आधी खेळून त्यातल्या चुका हुडकायच्या, हे ताईंचं काम. टेस्टर म्हणतात त्यांना.

"म्हणजे दिवसभर खेळायचं? मजा आहे बुवा एका माणसाची!" पाहुणे म्हणतात.

"हो ना," ताई म्हणतात. "तुम्ही दिवसभर आपल्याच घराच्या भिंतीला खांदा घासत फिरून बघा. मग आपण मजेबद्दल बोलू."

खरोखर तसंच असतं ते. गेममधलं एकेक ठिकाण, म्हणजे शाळा, बंदर, बिस्किटांचा कारखाना, एकेका टेस्टरला वाटून दिलेलं असतं. गेंडोबाचा डावा खांदा भिंतीला टेकवायचा आणि सगळ्या भिंतींच्या कडेकडेने त्याला फिरवून आणायचा. मग उजवा खांदा. मग शिंगाने धडका. फुटायची ती भिंत फुटली पाहिजे आणि न फुटायची ती फुटता कामा नये. ह्याला त्यांच्यात झाडू मारणं म्हणतात. भिंतीत कुठे भोक राहिलंच, तर ते सापडेल त्याने कळवायचं. बुजवल्यावर पुन्हा त्यानेच तिथे धडका मारून ते बुजलं असं सांगायचं, दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही. ताईंचा झाडू ऑफिसात नावाजलेला. त्यांनी एखादं ठिकाण साफ म्हटलं की पुन्हा कोणी त्याच्या वाटेला जात नसे.

घरी आल्यावर दुसरं काम. माझ्या सासूबाई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं खाणं, औषधं, कूस बदलणं, सगळं ताई करायच्या. ऑफिसच्या वेळात मी असायची, पण मी म्हणजे बदली कामगार. सासूबाईंना एक सवय होती. थोड्या थोड्या वेळाने त्या हाक मारायच्या, "आहेस का गं?" काही हवं असायचं असं नाही. ताई असतील तिथून "आहे" म्हणायच्या. स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून, कधी तोंडात ब्रश असताना. तेवढ्यावर सासूबाईंचं भागायचं. मी "आहे" म्हटलं तर म्हणायच्या, "तुला नाही विचारलं."

सासूबाई गेल्या तेव्हा दुपार होती आणि ताई ऑफिसात होत्या.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. ताईंनी सगळ्यांना चहा दिला, कोणाला बिनसाखरेचा लागतो तेही लक्षात ठेवून. पलंग भाड्याचा होता, तो परत पाठवला. गाद्या उन्हात टाकल्या. रडल्या मात्र नाहीत. ह्यांच्या काकू पदर सावरत माझ्या कानाशी आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "डोळ्यांतून टिपूस नाही गं. गेंड्याची कातडी आहे हिची."

"ऑफिसमधून आणलीय, काकू," ताई कप उचलता उचलता म्हणाल्या. "तुम्हाला हवी का? तिथे ढिगाने पडलीय."

मला हसू आलं, पण ताईंच्या चेहऱ्यावर विनोद केल्याची खूणही नव्हती. वाक्य तोंडातून आपसूक पडलं होतं, इतकंच.

लगेच त्या कामावर जायला लागल्या. घरी आल्या की जिथे पलंग होता त्या रिकाम्या जागेला अजून वळसा घालून चालायच्या. जेवायला वाढलं तर जेवायच्या, नाही वाढलं तर विचारायच्या नाहीत. "ताई, बरं वाटतंय ना?" म्हटलं की नीट विचार करून सांगायच्या, "काहीच वाटत नाहीये, वहिनी. बरंही नाही आणि वाईटही नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ होतो ना, तसं."

एके दिवशी त्या चष्मा घरीच विसरून गेल्या. मला त्या बाजूला जायचंच होतं, म्हणून द्यायला गेले. गाद्यांच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस. जिन्यात नव्या कापसाचा वास, आत गेलं की अंधार, कारण पडद्यांवर ऊन पडू नये म्हणून खिडक्या काळ्या कापडाने झाकलेल्या. जेवणाची सुट्टी होती. खुर्च्यांवर हेडफोन टांगून सगळे खाली गेले होते. ताई एकट्याच बसल्या होत्या, मांडीवर कंट्रोलर, हात बाजूला.

पडद्यावर नुसता करडा रंग. ना आकाश, ना जमीन. मध्ये गेंडोबा उभा, पाठमोरा. कोपऱ्यात लांब बिस्किटांचा कारखाना दिसत होता, पण मागच्या बाजूने. नाटकाच्या नेपथ्यासारखा, आतून रंगवलेला आणि बाहेरून कोरा.

"बिघडलंय का?" मी विचारलं.

"नाही. भोक आहे. पिंपांच्या मागे एक कोपरा आहे. तिथे वळता वळता धडक मारली की हा भिंतीतून बाहेर पडतो."

"आणि मग?"

"मग काही नाही. इथे काही नाहीच."

मी जरा वेळ बघत राहिले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते काय ते नंतर उमगलं. आमची चिमणी, म्हणजे माझी मुलगी, गेंडोबाचे जुने गेम खेळते. त्यात त्याला जरा वेळ एका जागी सोडला की तो बूट आपटतो आणि पडद्यातून ओरडतो, "ए, आहेस ना?" दिवसभर ते ऐकून माझे कान किटलेत. इथे तो गप्प होता.

"हा बोलत कसा नाही?"

"पायाखाली जमीन असली तरच बोलतो. त्याला तसंच शिकवलंय. इथे जमीन नाही." ताईंनी चष्मा घेऊन साडीला पुसला. "कितीही वेळ सोडा, हाक मारत नाही."

मी शेजारच्या खुर्चीत बसले. "कळवलंत का हे?"

"नाही."

"का?"

"कळवलं की बुजवतील."

"आणि नाही कळवलं तर?"

मग त्यांनी मला नीट समजावलं, एखाद्या परक्या माणसाची हकीकत सांगावी तसं. गेम आपोआप जपून ठेवतो, मूल खेळात जिथे पोचलं असेल तिथलं. इथे पडलं की इथलंच जपणार. बंद करून पुन्हा लावला तरी गेंडोबा इथेच. आत यायला वाट नाही. पार केलेली ठिकाणं, जमवलेल्या टोप्या, सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात. असा गेम घराघरांत गेला तर कंपनीची अब्रू जाईल. आणि कारखान्याला झाडू कोणी मारला हे सगळ्यांना माहीत आहे.

"म्हणजे तुमची नोकरी."

"जाईल ना." पुढची बस निघून जाईल, अशा स्वरात. "पण इतकं वेडंवाकडं कोण धडकणार, वहिनी? मीसुद्धा चुकून पडले. आई गेल्यावर पहिल्याच आठवड्यात. हात कुठे चालले होते माझं मलाच ठाऊक नव्हतं."

"सांगाल ना पण?"

"सांगेन," त्या म्हणाल्या. "आज नको."

जिन्यात पावलं वाजली. ताईंनी गेम पुसून नव्याने लावला, ऑफिसातल्या यंत्रावर तो हव्या त्या ठिकाणापासून सुरू करता येतो, घरच्यावर नाही, आणि गेंडोबा कारखान्याच्या दारात पळायला लागला. त्यांच्या टीम लीड बाई आल्या. हात पाठीमागे बांधून खुर्च्यांमधून फिरतात म्हणून त्यांना सगळे हेडमास्तरीण म्हणतात. "ताई, कारखाना?" त्यांनी विचारलं.

"साफ," ताई म्हणाल्या.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बघायची आणि त्या मान हलवायच्या, अजून नाही. मी ह्यांना काही बोलले नाही. बोलून काय सांगणार? तुमची बहीण दुपारी जेवायच्या वेळी एका भोकात जाऊन बसते?

गेम बाहेर पडायची तारीख जवळ आली. त्यांच्याकडे एक पद्धत आहे. शेवटी शेवटी टेस्टरना जवळजवळ तयार झालेला गेम घरी देतात, घरातल्या मुलांना खेळू द्या म्हणून, कारण मुलं जे करतात ते मोठ्यांना सुचत नाही. ताईंनी तो आणला. त्या दिवसापासून चिमणीला जेवणाची शुद्ध राहिली नाही. शाळा झाली, बंदर झालं, टोप्या जमल्या. "आत्या, ही बघ खलाशाची टोपी! आत्या, तू बघतच नाहीयेस!" ताई शेजारी बसून बघायच्या, म्हणजे डोळे तिकडे असायचे.

एका रविवारी दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. चिमणी कारखान्यात होती. तिला पिंपांमागचं बिस्कीट हवं होतं आणि ते मिळेना, म्हणून रागाने ती गरागरा फिरवत गेंडोबाला धडका देत होती. ताई एकदम म्हणाल्या, "चिमणे, तिथून हो."

"थांब गं, आत्या."

"मी सांगते ना, हो तिथून!"

ह्या घरात ताईंचा आवाज चढलेला मी त्या महिन्यांत पहिल्यांदाच ऐकला. तोवर पडदा करडा झाला होता.

चिमणीने सगळी बटणं दाबून बघितली. मग म्हणाली, "हा बोलत का नाही? मेला का?"

"नाही. बाहेर पडलाय फक्त."

"मग आत आण ना."

"आणता येत नाही."

"तू टेस्टर आहेस ना? आण!"

"नाही येत, बाळा. पहिल्यापासून खेळावं लागेल."

चिमणीने आत्याकडे बघितलं. मुलांना असल्या गोष्टी कशा कळतात देव जाणे. "तुला माहीत होतं इथे भोक आहे?"

मी हातातला टॉवेल तसाच धरून बसले. ताईंना "नाही" म्हणता आलं असतं.

"हो," त्या म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाहीस?"

चिमणी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, निदान समजूत तरी काढता आली असती. तिने कंट्रोलर आत्याच्या मांडीवर ठेवला, "घे, तूच खेळ" म्हणाली आणि आतल्या खोलीत निघून गेली. ताई बसून राहिल्या. पडद्यावर गेंडोबा पाठमोरा उभा होता. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन उचलला आणि हेडमास्तरणींना लावला. रविवार असून.

"ताई बोलतेय. कारखाना साफ नाही. पिंपांमागे भोक आहे." पलीकडून काही विचारलं गेलं. "नाही, आज नाही सापडलं. मला आधीपासून माहीत होतं." पुन्हा काही विचारलं गेलं, ह्या वेळी लांबलचक. ताई ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "तिथे शांत होतं." मग फोनकडे बघून मला म्हणाल्या, "ठेवला त्यांनी."

पुढे जे व्हायचं ते झालं. तारीख पुढे ढकलली. ताईंनी साफ म्हटलेल्या प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या कोणीतरी पुन्हा झाडू मारला. ऑफिसातल्या पोरांनी आपले रविवार त्यात घातले आणि ताईंशी बोलणं टाकलं. नोकरी गेली नाही, पण झाडू गेला. आता गेममध्ये जी अक्षरं दिसतात, 'सुरू करा', 'पुढे चला', 'बाहेर पडायचं?', ती बरोबर उमटतात का एवढंच बघायचं. नव्याने लागलेल्या मुलांना देतात ते काम.

"वाईट वागवतात का हो?" मी विचारलं.

"नाही. बरोबर वागवतात."

पण ते भोक ताईंच्या नावावर होतं आणि नियम तो नियम. बुजवल्यावर ते बुजलं की नाही हे त्यांनीच सांगायचं होतं. त्या दिवसापुरता हेडमास्तरणींनी त्यांना कारखाना परत दिला आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. हे मला ताईंनी संध्याकाळी जेवताना सांगितलं. ह्यांचं जेवण झालं होतं. चिमणी खाली मान घालून जेवत होती. आत्याशी ती बोलायला लागली होती, पण टोप्यांचा विषय निघाला की अजून गाल फुगायचे.

"डावीकडून धडकले," ताई म्हणाल्या. "उजवीकडून धडकले. वळता वळता, मागे चालत, उडी मारून. नाही गेला बाहेर. तिथेच आपटून खाली बसला आणि ओरडायला लागला, 'ए, आहेस ना?'"

"मग?"

"मग मी बंद झालं म्हणून सांगितलं."

"वाईट वाटलं का, ताई?"

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. बराच वेळ विचार केला, कोपरे तपासल्यासारखा.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "वाटेल बहुतेक."

"आत्या," चिमणी ताटातून मान वर न करता म्हणाली, "मला बंदरापर्यंत परत यायला खूप दिवस लागणार आहेत."

"हो," ताई म्हणाल्या. "लागतील." आणि घास उचलून तोंडात घातला.