शिमोन मास्तर आणि ठकूबाईचं गाडगं

माझ्या पणजोबांनी आयुष्यभर समतेचं कीर्तन केलं, आणि पहिल्याच परीक्षेत ते नापास झाले.

आज त्यांची पुण्यतिथी. फोटो एकही नाही, म्हणून पोस्ट लिहितोय.

शिमोन मास्तर. निजामाचं राज्य होतं तेव्हा पाटोद्याकडच्या एका गावात मिशनच्या शाळेवर होते. शाळा म्हणजे लिंबाचं झाड आणि एक फळा. जन्माने महार, बाप्तिस्म्यानंतर ख्रिस्ती. गावाला त्यात काही फरक दिसला नव्हता.

ही हकीकत मला आजोबांनी सांगितली, म्हणजे मास्तरांच्या मुलाने. बापाची बाजू न घेता सांगितली.

मास्तरांचं कीर्तन पंचक्रोशीत फेमस होतं. चिपळ्या, टाळ, ओव्या, सगळं आपलंच. फक्त देव येशू.

मिशनच्या गोऱ्या साहेबाला हा प्रकार फारसा पटायचा नाही. पण गर्दी जमायची, म्हणून तो गप्प बसायचा.

त्यातलं हिट आख्यान म्हणजे विहिरीवरची शोमरोनी बाई. भर दुपारी येशू विहिरीपाशी बसलाय. तहानलाय. आणि ज्या लोकांच्या हातचं त्याचे लोक पाणी घेत नाहीत, त्यांच्यातल्या एका बाईला तो म्हणतो, मला पाणी दे.

साहेबाचा भर आत्म्याच्या तहानेवर असायचा. मास्तरांचा सरळ विहिरीच्या पाण्यावर.

कारण गावच्या विहिरीत दोर सोडायला महारांना बंदी होती. कुणीतरी वरच्या जातीचं माणूस येईल, त्याच्या मनात आलं तर वरून ओतेल, तोवर ताटकळत उभं राहायचं.

"आरं, देवानं पाणी मागितलं! कुणाला? आपल्यासारख्याला! ती बाई म्हंजी आपुन हाय!"

मास्तर असं म्हणायचे आणि महारवाडा डोळे पुसायचा.

एकदा उन्हाळ्यात कीर्तनाला मांगवाडाही आला. ते लोक आपणहून लांब बसले. महारांच्या नजरेत मांग खालचे. बाप्तिस्मा झाला तरी ती नजर काही बदलली नव्हती.

कीर्तन संपलं तशी मांगवाड्यातली ठकूबाई उठली. नवरा वारलेला, दोर वळून आणि केरसुण्या बांधून पोट भरणारी बाई. तिने पाण्याचं गाडगं आणून मास्तरांपुढे धरलं.

"मास्तर, घसा सुकला आसंल. पाणी घ्या."

मास्तर चिपळ्या फडक्यात बांधू लागले.

"ती बाई म्हंजी आमीच न्हवं का? मग घ्या की. तुमी पेलात, तर उद्या आमी समदे बाप्तिस्म्याला येतो."

अख्खा महारवाडा बघत होता. त्यात मास्तरांचे होणारे व्याहीही होते. थोरल्या मुलीची सोयरीक नुकतीच ठरली होती.

मास्तर म्हणाले, "तहान न्हाई."

दोन तास गायलेला माणूस, उन्हाळ्यात.

ठकूबाईने गाडगं उचललं आणि चालू लागली. मांगवाडा तिच्या मागोमाग उठून गेला.

आजोबा म्हणायचे, त्या क्षणी मास्तरांना भीती वाटली आणि घरी गेल्यावर लाज. भीती सकाळपर्यंत गेली, लाज काही जाईना.

दुसऱ्या दिवशी मास्तर मांगवाड्यात गेले. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ठकूबाईच्या दारात उभे राहिले.

"ठकूबाई, पाणी दे."

"काल तहान न्हवती. आज कावून लागली?"

"चुकलो."

ती आत गेली आणि गाडगं घेऊन आली.

"वंजळ धरा."

मास्तरांनी ओंजळ धरली. तिने वरून ओतलं, अंतर राखून. गावच्या विहिरीवर त्यांना जन्मभर मिळालं, अगदी तसं.

"गाडग्यानंच पितो की," मास्तर म्हणाले.

"नगं. माजं गाडगं बाटंल."

मास्तर ओंजळीनेच प्याले.

सोयरीक त्याच आठवड्यात मोडली. महारवाड्याने वाळीत टाकलं. साहेबाने वर पाठवलेल्या रिपोर्टात यातलं काहीच नव्हतं. रिपोर्टात बाप्तिस्मे लिहायचे असतात, आणि बाप्तिस्मा एकही झाला नव्हता.

मला इथे मास्तरांचा अभिमान वाटतो, आणि त्या मुलीचं फार वाईट वाटतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

हळूहळू लोक परत कीर्तनाला येऊ लागले. पण कीर्तन बदललं होतं. "ती बाई म्हंजी आपुन" हे वाक्य मास्तरांनी पुन्हा उच्चारलं नाही.

बायबलात त्या वेळी येशूचे शिष्य गावात खाणं विकत घ्यायला गेलेले असतात. मास्तर आता स्वतःला त्यांच्यात घालायचे.

"देव पाणी मागत व्हता तवा मी कुटं व्हतो? मी बाजाराला गेलतो!"

लोक हसायचे. कशाबद्दल बोलणं चाललंय ते सगळ्यांना माहीत होतं. मास्तरही हसू द्यायचे.

ठकूबाईने बाप्तिस्मा कधीच घेतला नाही. कीर्तनाला मात्र न चुकता यायची, आणि आता लांब बसायची नाही. थेट पुढे.

एकदा गर्दीतून कुणीतरी अडवलं. "मास्तर, येशूनं पाणी मागितलं, ठीक हाय. पर त्यो पेला का न्हाई?"

प्रश्न लई अडचणीचा. कारण बायबलात ते खरंच लिहिलेलं नाही. मी स्वतः चेक केलंय.

मास्तरांच्या आधी ठकूबाईच जागेवरून बोलली.

"त्यो पेला का, ह्ये कावून इचारता? तिनं दिलं का, त्ये इचारा."

मास्तरांनी चिपळ्या खाली ठेवल्या. त्या दिवशीचं कीर्तन तिथेच संपलं.

मास्तर, सलाम. ठकूबाई, तुम्हालाही.